मार्चचा अर्थसंकल्प आणि डिसेंबरचा खरा हिशेब

आधीच सांगून टाकतो, म्हणजे कॉमेंटमध्ये कुणाचा वेळ जायला नको. मी कमळाला मत देतो. नोव्हेंबर 2024 मध्येही दिलं, आणि 15 जानेवारी 2026 च्या महापालिका मतदानालाही बहुतेक तेच बटण दाबायचं ठरवलं होतं. त्यामुळे पुढचं वाचून 'काका तिकडं गेले काय बे' असं ग्रुपवर टाकू नका.

सोलापूरच्या पूर्वभागातल्या काही टॉवेल कारखान्यांच्या वह्या मी लिहितो. व्यवसायच असा की सरकारचा हिशेबही मी त्याच नजरेनं वाचतो. 10 मार्च 2025 ला अजित पवारांनी 7 लाख कोटींचा अर्थसंकल्प मांडला. महसुली तूट 45,891 कोटी, राजकोषीय तूट, म्हणजे वर्षभरात उसनं काढायची रक्कम, 1,36,235 कोटी. ठीक. आकडे मोठे आहेत, पण राज्यही मोठं आहे. पुढं काय झालं ते बघा. जून संपता संपता पावसाळी अधिवेशनात 57,509 कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेला जादा खर्च, आल्या. डिसेंबरात नागपूरला आणखी 75,286 कोटींच्या. बेरीज 1 लाख 32 हजार कोटींच्या वर. म्हणजे मार्चमध्ये जे मांडलं त्याच्या जवळजवळ 19 टक्के नंतर मागितलं.

पुरवणी मागण्या बेकायदा नाहीत. राज्यघटनेच्या कलम 205 मध्येच त्यांची सोय आहे. त्यात केंद्राकडून येणारा पैसा असतो, या खिशातून त्या खिशात टाकलेल्या रकमा असतात, त्यामुळे तिजोरीवरचा निव्वळ बोजा कमी भरतो, हेही मला ठाऊक आहे. शिवाय सप्टेंबरमध्ये सीना नदीनं माढा, मोहोळ, करमाळ्यात काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. घरात गाळ, गोठ्यात जनावरं मेलेली, उभा ऊस आडवा. त्या मदतीसाठी पुरवणी मागणी आली तर त्याला नावं ठेवणारा माणूस सोलापूर जिल्ह्यात तरी सापडू नये. ही सोय आहेच त्यासाठी. पूर कुणी मार्चमध्ये लिहून ठेवत नाही.

पण लाडकी बहीण ही काही अचानक आलेली आपत्ती नव्हे. किती बहिणी, किती रुपये, किती महिने, हा पाचवीतल्या पोराचा गुणाकार आहे. 2024-25 ला तरतूद 46 हजार कोटींची होती. 2025-26 ला ती 36 हजार कोटींवर आली, आणि त्याच वेळी महिन्याचे 1500 वाढवून 2100 रुपये करण्याचं आश्वासन हवेत होतंच. मग मे महिन्यात सामाजिक न्याय खात्याचा निधी तिकडं वळवला म्हणून त्याच सरकारमधले मंत्री संजय शिरसाट जाहीरपणे चिडले. आपल्याच खात्याचा पैसा गेल्याचं मंत्र्यानं पत्रकारांना सांगायचं, ही कसली आर्थिक शिस्त?

मला त्या 1500 रुपयांचा राग नाही. आमच्या गल्लीत दिवसभर विड्या वळणाऱ्या अक्का आहेत. त्यांच्या हातात ती रक्कम पडते तेव्हा दुकानदाराची उधारी फिटते, गोळ्या-औषधं येतात. माझा राग क्रमावर आहे. योजना जाहीर झाली जून 2024 च्या शेवटी. मतदान 20 नोव्हेंबरला. मधल्या काळात पाच हप्ते खात्यात पडले, नोव्हेंबरचा तर आगाऊ. त्या काळात अर्ज कोण तपासतंय, उत्पन्नाची अडीच लाखांची अट कोण बघतंय, याची कुणाला घाई नव्हती. निवडून आल्यावर मात्र छाननी, ई-केवायसी, अपात्रांच्या याद्या. त्यात पुरुष निघाले, सरकारी नोकरीतल्या बायका निघाल्या. आधी वाटायचं आणि मग वेचायचं. कारखान्यात माल आधी पाठवून ऑर्डर नंतर तपासणारा मॅनेजर आठवडाभर टिकत नाही.

आमच्याच बाजूचे मित्र म्हणतात, 'कर्ज मर्यादेत आहे की!' आहे, नाकारत नाही. 2025-26 च्या अंदाजातलं 9 लाख 32 हजार कोटींचं कर्ज हे राज्याच्या सकल उत्पन्नाच्या 19 टक्क्यांच्या आत होतं आणि राजकोषीय तूटही मार्चच्या कागदावर 3 टक्क्यांच्या खालीच होती. पण व्याज सकल उत्पन्नातून भरायचं नसतं, तिजोरीतून भरायचं असतं. ते वर्षाला 60 हजार कोटींच्या वर जातंय. आणि ज्या वर्षी महसुली तूट आहे, त्या वर्षी रोजचा खर्चसुद्धा उसनवारीवर चालतो. धरण, रस्ता, कालवा यासाठी कर्ज काढा, मी टाळ्या वाजवेन. दरमहा वाटपासाठी काढलेलं कर्ज माझ्या नातवानं फेडायचं, हे मला पटत नाही. पूर्वी आम्ही काँग्रेसवाल्यांना नेमकं हेच सुनवायचो, तेव्हा आमचा आवाज फार मोठा असायचा.

फुकट काही नसतं, त्याचं बिल कुठंतरी फुटतंच. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज माफ केली, सरकारवर वर्षाला 14,760 कोटींचा भार. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, चांगलं झालं. पण शेतीपंपाचा दर खाली राहावा म्हणून उद्योगाचा दर वर, हे गणित वर्षानुवर्षं चालत आलंय. त्यात सप्टेंबर 2025 मध्ये सौर पंपांसाठी पैसा उभा करायला उद्योग आणि व्यापाऱ्यांच्या विजेवर जादा कर लावायला मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुणालाही विचारा, सुतानंतर त्याला सगळ्यात जास्त काय टोचतं. विजेचं बिल. यंत्रमागाला सवलत जाहीर होते, हार घातले जातात, पण तीही शेवटी अनुदानच, आणि त्याची वाट बघावी लागते. एका हातानं चढा दर, दुसऱ्या हातानं अर्ज केल्यास सवलत. त्यापेक्षा दरच सरळ ठेवा. जून 2025 मध्ये विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवून 14 हजार कोटी मिळवायचं ठरलं. म्हणजे बहिणीच्या खात्यात जमा, दाजींच्या बाटलीतून वजा. यावर हसायला आलं तर हसून घ्या.

आणि आमचं गाव. ज्यांनी राज्याचे नऊ अर्थसंकल्प मांडले ते सुशीलकुमार शिंदे इथलेच. जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर होतं. उजनी भरून वाहते आणि नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. मार्च 2022 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासक होता. त्या काळात घरपट्टी मात्र एकदाही चुकली नाही.

तेव्हा सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आणि मतदान एकाच आठवड्यात आलं, त्यामुळे दारात यात्रेतल्या नंदीध्वजांच्या आधी उमेदवार. माझं त्यांच्याकडं मागणं एवढंच होतं, की आपल्या वरच्या नेत्यांना दोन गोष्टी सांगा. आपत्ती सोडून बाकी पुरवणी मागण्यांना मूळ अर्थसंकल्पाच्या ठरावीक टक्क्यांची मर्यादा कायद्यानंच घाला. आणि कोणतीही नवी वाटप योजना निवडणुकीच्या वर्षात सुरू करायची असेल तर पहिल्या हप्त्याच्या आधी छाननी पूर्ण करा.

त्याच दिवसांत एक तरुण उमेदवार आला होता, आपल्याच पक्षाचा. त्याला हे सगळं ऐकवलं. ऐकून घेतलं बिचाऱ्यानं. म्हणाला, 'काका, हा विषय वरचा आहे.' बरं म्हटलं, मग पाण्याचं सांग. तर म्हणाला, 'त्याचाही निधी वरूनच येतो.'