नळ आठव्या दिवशी येतो तेव्हा

वैशाखात माझ्या पुतणीला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे, अन्नाचा वासही नको. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?" आणि वहिनी तिथेच रडायला लागली. तिला वाटलं, आपणच स्वच्छतेत कुठेतरी कमी पडलो. तिचं ते रडणं माझ्या मनातून जात नाही.

आमच्या गिरणाकाठच्या गावात उन्हाळ्यात नळ आठव्या-नवव्या दिवशी येतो. रात्री दोनला कुणीतरी "नळ उना वं!" ओरडलं की सगळी गल्ली जागी. पाईपात पाण्याचा दाब असतो तोवर फुटक्या जागेतून पाणी बाहेर गळतं. नळ बंद झाला की दाब जातो आणि त्याच फटीतून गटारीचं पाणी आत झिरपतं. आमच्याकडे तर पाईप गटारीतूनच गेलेत. वर घरोघरी नळाला मोटारी, त्या घाणही ओढतात. कावीळ, टायफॉईड, गॅस्ट्रो याच वाटेने घरात शिरतात. यात वहिनीचा काय दोष?

डेंग्यू टाळायला 'पाणी साठवू नका' म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. साठवलं नाही तर प्यायचं काय? डेंग्यूचा डास अशा साठवलेल्या, स्वच्छ पाण्यातच वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात, म्हणजे जवळपास आमच्या नळाच्या एका पाळीएवढे. अंडी ड्रमला आतून चिकटतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने जगतात. म्हणून ड्रम नुसता रिकामा करून भागत नाही, काथ्याने घासावा लागतो. झाकण हवं, आणि पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं, म्हणजे हात बुडत नाही. एवढं आम्ही करतोच.

पण गावच्या टाकीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, किती पडते, हे आमच्या हातात नाही. शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. साठवलेल्या पाण्यातून तोही दिवसागणिक कमी होत जातो.

गेल्या वेळी नळ आला तेव्हा आम्ही चार-पाच जणी जलसुरक्षकाला, म्हणजे गावचं पाणी तपासणाऱ्या कर्मचाऱ्याला, घेऊन ओटी तपासणी करत फिरलो. यात पाण्यात औषधाचे थेंब टाकतात. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. टाकीजवळच्या घरी झालं. वहिनीचं घर गल्लीत शेवटचं, तिथे रंग आलाच नाही. घर आणि तारखेसकट सगळं लिहून घेतलंय. ग्रामसभेत वहिनीच ते वाचणार आहे.