रिहानाची ती टोपी पोपची नाहीये

पॉप गायिका रिहानाचा मोत्यांनी मढवलेल्या गाऊनमधला फोटो परत फिरतोय, खाली लिहिलंय की व्हॅटिकनने पोपची खरी टोपी तिला पार्टीत घालायला दिली. परवा मीही तो पुढे पाठवला होता, चूक झाली, मनापासून सॉरी.

फोटो २०१८ च्या मेट गालाचा आहे, म्हणजे न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमसाठी दरवर्षी होणाऱ्या फॅशन पार्टीचा. गाऊन, वरचा झगा आणि ती बिशपसारखी उंच टोपी, सगळं मेझाँ मार्जिएला या फॅशन कंपनीचं, तिथले तेव्हाचे डिझायनर जॉन गॅलियानोच्या हाताखाली नवीन बनवलेलं. व्हॅटिकनने वस्तू दिल्या होत्या हे खरंय, पण त्या मेट म्युझियमच्या फॅशन आणि कॅथलिक धर्मावरच्या प्रदर्शनासाठी, व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपलच्या सॅक्रिस्टीतल्या (पूजेचे कपडे-वस्तू ठेवायच्या खोलीतल्या) साधारण ४०, पोपचे झगे, मुकुट वगैरे, आणि त्या मुद्दाम फॅशनच्या कपड्यांपासून वेगळ्या दालनात मांडल्या होत्या, कोणाच्या अंगावर नाही. मला तर हा आदर फार महत्त्वाचा वाटतो. टोपी मीच उसनी दिली असं न्यूयॉर्कचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल डोलन नंतर गमतीत म्हणाले होते, बहुतेक तेच कोणीतरी खरं धरलं.

आपल्या वसईच्या, गोव्याच्या ग्रुपांवर लोक खरंच दुखावलेत, म्हणून प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर तिथेच हे टाका.