चवथीच्या साफसफाईत फ्लॉपी फेकण्याआधी

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की घरांतली, वाचनालयांतली, देवस्थानांच्या कचेऱ्यांतली कपाटे उपसली जातात. नेमका याच दिवसांत एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. मला तो म्हापसा, फोंडा आणि साखळी अशा तीन ठिकाणांहून आला. त्याचा गोषवारा असा: जुन्या फ्लॉपी एव्हाना कोऱ्या झालेल्या असतात; सोबतच्या माहितीपुस्तिका स्कॅन करून पीडीएफ केल्या की जतन झाले; मराठी मजकूर असला तर कन्व्हर्टर एका क्लिकमध्ये युनिकोड (आजचा सर्वत्र चालणारा अक्षरसंकेत) करून देतो; डॉस, सीपीएमसारख्या जुन्या संगणक-प्रणालींची कागदपत्रे कंपन्यांकडे आणि नेटवर आहेतच; आणि तशीही ती आता कोणाला लागतात? तेव्हा सगळे भंगारात द्या. मी काही वर्षे हेच काम करतो आहे, जुन्या प्रणालींवरची माहितीपत्रे वाचून आजच्या रूपात आणण्याचे. माझी कळकळीची विनंती आहे, या संदेशावर विसंबून काहीही फेकू नका.

फ्लॉपीपासून सुरुवात करतो. त्या कायम टिकत नाहीत, एवढे खरे. पण आपल्याकडे वयापेक्षा पावसाळा त्यांना जास्त खातो. लोखंडी कपाटातही चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके येतात. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर हेड माखते आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडते. लोक एकदा घालून बघतात, एरर येतो आणि ‘कोरी आहे’ म्हणून मोकळे होतात. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने चकती हलक्या हाताने पुसावी, सव्वापाच इंचीच्या कडेची खाच चिकटपट्टीने बंद करावी म्हणजे चुकून तिच्यावर लिहिले जाणार नाही, आणि मग ग्रीझविझलसारख्या यंत्राने वाचावी. ते चकतीवरचे चुंबकीय बदलच नोंदवते, त्यामुळे अडलेल्या सेक्टरवर (चकतीवरच्या छोट्या तुकड्यावर) नंतर निवांत काम करता येते. ३६० केबीची फ्लॉपी म्हणजे ४० ट्रॅक, २ बाजू, ९ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट: एकूण ३,६८,६४० बाइट. त्यांतले चार सेक्टर गेले तरी बाकीची पुस्तिका हातात राहते.

स्कॅन जरूर करावे. मीही करतो. पण स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यातून ओसीआरने (चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रॅमने) मजकूर काढला की शून्याचा ‘ओ’ होतो आणि एकचा ‘एल’. ललित लेखनात ही चूक नजरेला कळते. आज्ञा आणि हेक्स (० ते ९ आणि ए ते एफ वापरणाऱ्या) आकड्यांच्या तक्त्यात ती कळत नाही, आणि तिथे एक अक्षर चुकले की ओळ निकामी होते. शिवाय बऱ्याच सूचना कागदावर कधी आल्याच नाहीत; त्या फ्लॉपीवरच्या फाइलमध्येच होत्या.

आता कन्व्हर्टर. या मुद्द्यावर मला जरा थांबायचे आहे, कारण मराठीचे सर्वांत जास्त नुकसान इथे होते.

फाइलच्या नावावरून आत काय आहे ते कळत नाही. एचएलपी हे शेपूट व्हीएमएस या जुन्या प्रणालीत साध्या मजकुराला असते, तर विंडोज ३ मध्ये बांधलेल्या बायनरी मदत-फाइलला. त्या बायनरीला उघडणारा प्रोग्रॅम २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टापासून विंडोजसोबत येईनासा झाला. सीपीएम फाइलची लांबी १२८ बाइटांच्या तुकड्यांत मोजते, म्हणून मजकूर कुठे संपला हे सांगायला शेवटी कंट्रोल-झेड असतो. त्याच्यापुढे उरलेला कचरा दिसतो, पण कधी कधी तो आधीच्या आवृत्तीचा तुकडा निघतो.

वर्डस्टार हा लेखनाचा जुना प्रोग्रॅम तर शब्दाच्या शेवटच्या अक्षराच्या बाइटमधला आठवा, सर्वांत वरचा बिट चालू करून ठेवायचा. म्हणून काही कन्व्हर्टर सगळ्याच बाइटांचा आठवा बिट पुसतात. इंग्रजी पुस्तिका त्याने स्वच्छ होते. पण इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या अक्षरसंकेतात देवनागरी अक्षरे आठवा बिट चालू असलेल्या वरच्या अर्ध्या भागातच बसवली आहेत. ‘क’ हा १७९ वा बाइट; आठवा बिट पुसला की उरतो इंग्रजी ३ हा आकडा. ‘मदत’ या शब्दाचे होते ‘एलडीबी’. अशी एक पुस्तिका एका हौशी माणसाने ‘साफ’ करून माझ्याकडे पाठवली होती. मूळ फ्लॉपी त्याने तोवर टाकून दिली होती. पुसलेला बिट कोणत्या अक्षराचा होता हे त्या फाइलमधून खात्रीने सांगणे शक्य नव्हते.

उलटा घोटाळाही होतो. डॉसच्या ४३७ कोडपेजमध्ये (अक्षरांच्या तक्त्यात) तोच १७९ वा बाइट म्हणजे चौकटीची उभी रेघ, आणि इस्कीतला ‘द’ म्हणजे आडवी रेघ. संपूर्ण फाइल इस्की समजून बदलली की तक्त्यांच्या कडा ‘ददददद’ होऊन बसतात आणि बाजूंना ‘क’च्या रांगा लागतात. इस्की निदान उच्चाराच्या क्रमाने लिहिते. श्रीलिपी, आकृतीसारख्या फॉन्टांच्या काळातल्या फाइलींत अक्षरे दिसतात त्या क्रमाने असतात: ‘कि’मधली वेलांटी आधी, ‘क’ मागून. तिथे प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा. त्यात ऱ्याकडे दुर्लक्ष झाले तर आचाऱ्याला दिलेले पैसे आचार्याला जातात. म्हणून मूळ बाइट जसेच्या तसे वेगळे ठेवायचे, रूपांतर त्यांच्या प्रतीवर करायचे आणि मराठी वाचता येणाऱ्या माणसाने ते ओळीओळीने तपासायचे. हे एका क्लिकचे काम नाही.

कंपन्यांकडे सगळे असते म्हणावे तर सीपीएमची डिजिटल रिसर्च १९९१ मध्ये नॉव्हेलने घेतली, व्हीएमएसची डिजिटल इक्विपमेंट १९९८ मध्ये कॉम्पॅकने, आणि कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीत गेली. बिटसेव्हर्स या जुन्या संगणक-पुस्तिकांच्या संकेतस्थळावर हजारो इंग्रजी पुस्तिका आहेत, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण इथल्या विक्रेत्याने इथल्या गिऱ्हाइकासाठी मराठीत लिहिलेली दहा पाने तिथे कशी असणार?

राहिला ‘कोणाला लागतात’ हा प्रश्न. डिचोली तालुक्यातल्या एका वाचनालयाची ग्रंथसूची डीबेस या नोंदी ठेवण्याच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये होती. नोंदी सुरक्षित निघाल्या, पण वर्गाच्या रकान्यात नुसते ‘सं’, ‘ना’, ‘का’ असे. आम्ही सगळ्यांनी ‘सं’ म्हणजे संतवाङ्मय असे धरले आणि निम्मी सूची तशी लावूनही टाकली. मग दुसऱ्या फ्लॉपीवर सूचनांची फाइल सापडली. तिच्यातला तक्ता कोणीतरी आधी बदलून बघितला होता, म्हणून कडा ‘ददददद’ होत्या. मूळ बाइटांवरून तो पुन्हा उभा केला. ‘सं’ समोर लिहिले होते: संगीत नाटक.