पंधराशे रुपयांचं पुढे काय झालं, हे विचारायचंच नाही का?

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर लाडकी बहीण योजनेवरून पुन्हा जुंपली. पुण्यातल्या आतेभावाने पडताळणीची जुनीच बातमी टाकली: 14 हजारांहून जास्त पुरुषांनी बायकांच्या नावाची ही रक्कम उचलली, लाखो खाती संशयाखाली. लगेच नेहमीच्या दोन फळ्या पडल्या. एक म्हणते, ही मतांसाठीची खैरात, बायका साड्या आणि मोबाईल घेतात, उरलेलं नवरे दारूत घालवतात. दुसरी म्हणते, गरीब बाईच्या हातात चार पैसे आले तर तुमच्या पोटात का दुखतं?

मी एवढंच लिहिलं, की जिल्ह्याजिल्ह्यातून नमुना काढून एक नीट पाहणी करावी, या पैशाचं काय झालं ते बायकांनाच विचारावं आणि अहवाल सगळ्यांसमोर ठेवावा. त्यावर एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन्ही फळ्या माझ्यावर तुटून पडल्या. आतेभाऊ म्हणाला, "पाहणीवर पैसे घालवण्यापेक्षा बोगस नावं काढा. बाकी काय होतं ते सगळ्या गावाला माहीत आहे." वहिनी म्हणाली, "विचारायचं म्हणजे बहिणींवर संशयच घ्यायचा ना?" आणि शेवटी ठरलेलं वाक्य आलंच: "तू तिकडे नैरोबीत बसून आम्हाला शिकवू नकोस."

नैरोबीत बसून मी हेच काम करते. मदत वाटली गेली की तिचं पुढे काय झालं ते शोधायचं. आमच्या भाषेत एम अँड ई, म्हणजे सनियंत्रण आणि मूल्यमापन. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून सकाळचं विमान पकडून उत्तरेतल्या तुर्काना जिल्ह्यातलं लोडवार, तिथून गाडीने काकुमाचा निर्वासित कॅम्प, सोबत तुर्काना, सोमाली आणि दिन्का बोलणारी तरुण प्रगणक मंडळी आणि टॅबलेटवरची प्रश्नावली. गेल्या सात दिवसांत धान्य किती दिवस खाल्लं, डाळ किती दिवस, भाजी, फळ, मांस-मासे, दूध, साखर, तेल. प्रत्येकाला वेगळं वजन: धान्याला 2, डाळीला 3, दुधाला 4, साखरेला अर्धा. बेरीज 21 च्या वर गेली नाही तर ते घर उपाशी समजायचं. हे कोरडं वाटतं खरं, पण दुष्काळात उंट लांब चरायला गेले की दुधाचे रोजचे चार गुण कसे एका फटक्यात गळतात, हे या बेरजेत जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्या भाषणात दिसत नाही.

काकुमा कॅम्पातल्या एका बाईचं उत्तर मला ग्रुपवरच्या त्या भांडणात सारखं आठवत होतं. तिच्या घरी दूध शून्य दिवस होतं, साखर सातही दिवस. मदतीचे पैसे वेळेवर जमा झाले का, तर हो. आमच्या तक्त्यात तिचा रकाना हिरवा. प्रगणकाने ते पैसे काढायचं कार्ड बघायला मागितलं तर तिने समोरच्या दुकानाकडे बोट केलं. दुकानदाराने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा काढला. प्रत्येक कार्डाच्या मागे कागदी पट्टी चिकटवलेली आणि तिच्यावर पिन नंबर. पैसे जमा झाले की तोच काढणार, उधारी वळती करून घेणार आणि पुन्हा उधारीवर सामान देणार. नुसती जमा-नावे पाहिली असती तर ही बाई शंभर टक्के यशाच्या खात्यात गेली असती. बोगस शोधणाऱ्या पथकाने पाहिलं असतं तर कार्ड गहाण टाकलं म्हणून तिचं नाव कापलं असतं. आम्ही विचारलं म्हणून कळलं, की रेशन उशिरा आलं तेव्हा त्या दुकानदाराशिवाय तिला पसाभर पीठ देणारं कोणी नव्हतं, आणि पैशाची तारीख पक्की असती तर तिने कार्ड कधीच सोडलं नसतं. म्हणजे दुरुस्ती व्हायला हवी होती ती तारखेत.

आता आपल्याकडे या. 2024 मध्ये पहिले हप्ते आले तेव्हा काही बँकांनी जुन्या कर्जापोटी नाहीतर किमान शिल्लक नाही म्हणून पैसे वळते करून घेतल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. सरकारला बँकांना तंबी द्यावी लागली. हा आपला बिस्किटांचा डबाच. त्यानंतर बीडमधल्या, नंदुरबारमधल्या, गडचिरोलीतल्या बाईच्या खात्यातून पैसे काढायला कोण जातं, किती चालून जातं, परत येताना तिच्याकडे किती उरतात? ग्रुपवर तीनशे मेसेज पडले आणि हा प्रश्न कोणालाच पडला नाही. 1,500 रुपये, 21 ते 65 वय, अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा, पात्र किती आणि अपात्र किती, एवढ्यातच सगळे गोल गोल फिरत राहिले.

"नवरे दारूत उडवतात" हे आतेभावाचं लाडकं वाक्य. हे वाक्य केनियातही दहा वर्षं ऐकवलं जात होतं. मग सियाया काउंटीतल्या रारिएडा भागात गरीब घरांना रोख रक्कम देऊन, न मिळालेल्या घरांशी तुलना करून तपासलं गेलं. 2016 मध्ये निष्कर्ष छापून आले: दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नव्हता. वाढलं होतं अन्न, आणि घरावर पत्रे आले होते. पुढे त्याच सियायात साडेदहा हजार घरांना सुमारे हजार-हजार डॉलर देऊन त्याहून मोठा अभ्यास झाला. त्यात ज्यांना पैसे मिळाले नाहीत त्या शेजाऱ्यांचीही कमाई वाढल्याचं दिसलं आणि महागाई जवळपास वाढली नाही. सियाया म्हणजे सातारा नव्हे, हे मलाही कळतं. हजार डॉलर काही महिन्यांत हातात येणं वेगळं आणि महिन्याला पंधराशे वेगळे. म्हणूनच तर म्हणते, आपलं आपण विचारून बघा. साताऱ्यात उत्तर उलट आलं तर तेही छापा.

"सगळ्या गावाला माहीत आहे" हेही इथे तपासलेलं आहे. तुर्काना, मार्साबिट, वाजिर आणि मंडेरा या केनियाच्या कोरड्या जिल्ह्यांत रोख मदतीची भूक सुरक्षा योजना सुरू झाली तेव्हा लाभार्थी निवडायच्या तीन पद्धती वेगवेगळ्या भागांत लावून पाहिल्या: वयावरून, घरात कमावणारे आणि खाणारे यांच्या प्रमाणावरून, आणि गावकऱ्यांनी बसून ठरवून. गावकऱ्यांची यादी बाकी दोघींपेक्षा उजवी ठरली. आतेभाऊ, इथे तुझा मुद्दा मान्य. पण तिच्यातूनही गरजू सुटलेच. आणि गावाला माहीत असतं हे माझ्या गावाला कोणी सांगावं? 2002 च्या दारिद्र्यरेषेच्या सर्वेक्षणात 13 प्रश्न होते, 52 गुण होते. आमच्या गावच्या यादीत दोनमजली माडीवाले होते आणि गावकुसाला राहणारी, दोन पोरं पदरात असलेली विधवा नव्हती. सगळ्या गावाला माहीत होतं. कोणी बोललं नाही.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो "हे परदेशी खूळ आहे" याचा. भारत सरकारने कार्यक्रम मूल्यमापन संघटना 1952 मध्ये काढली, केनिया स्वतंत्र होण्याच्या 11 वर्षं आधी. 1972 च्या दुष्काळातून वर आलेल्या आपल्या रोजगार हमीचं 1976 ते 1978 या काळात केंद्र आणि राज्य यांनी मिळून मूल्यमापन केलं. मराठवाड्यातल्या खडी फोडणाऱ्या बायकांना तेव्हा प्रश्न विचारले गेले आणि त्याने कोणाचा अपमान झाला नाही. अलीकडचंच पाहायचं तर जलयुक्त शिवारवर 9,633 कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यात फारसं यश आलं नाही, असं 2020 मध्ये महालेखापरीक्षकांनी लिहिलं. एका पक्षाने तो अहवाल झेंड्यासारखा नाचवला, दुसऱ्याने कचऱ्यात टाकला. कोणत्या गावात पाणी टिकलं आणि का टिकलं, हे त्या दोघांनाही नको होतं.

इथलं सगळं आदर्श आहे असा माझा दावा नाही. आम्ही ज्यांना विचारतो त्यांच्यापर्यंत अहवाल पोहोचतच नाही, तो डोनरकडे जातो. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने मदत थांबवली तेव्हा दुष्काळाचा अंदाज देणारं त्यांचंच जाळं एका झटक्यात बंद पडलं, आणि नैरोबीत माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांच्या नोकऱ्या गेल्या. मार्चमध्ये रेशनकपातीविरुद्ध काकुमात लोक रस्त्यावर उतरले. ऑगस्टमध्ये कॅम्पातल्या घरांची चार गटांत वर्गवारी झाली, आणि शेवटच्या गटाला काहीच नाही. त्या डब्यात कार्ड ठेवणारी बाई या निर्णयावर कोणाला जाब विचारणार? तिला मत नाही, आणि पैसा दुसऱ्या देशाच्या करदात्याचा.

महाराष्ट्रातल्या बाईला मत आहे, पैसाही तिच्या राज्याचा आहे, आणि सरकार तिला घाबरतं हे 2024 च्या निवडणुकीत सगळ्यांनी पाहिलं. काकुमातल्या बाईकडे नाही ती ताकद तिच्याकडे आहे. आणि तिच्यापुढे आपण काय ठेवतो, तर ई-केवायसीची लिंक. तिने आधार नंबर टाकावा, ओटीपी टाकावा, पात्र की अपात्र ते ऐकावं. तिचं काय म्हणणं आहे, याला रकानाच नाही.

वहिनीच्या बोलण्यातला एक भाग मात्र मला लागला आहे. माझ्या सख्ख्या मावशीला हे पैसे मिळतात. तुर्कानातल्या अनोळखी बाईला मी बेधडक विचारते, काल रात्री मुलं काय जेवली, कोणाकडून उसनं आणलं. मावशीला मी विचारू शकत नाही. विचारलंच तर ती हसून म्हणेल, "तुला कशाला गं पाहिजे?" आणि तिचं बरोबर आहे. मी पाहुणी झाले आहे. दिवाळीला येते, लाडू खाते, जाताना ती माझ्या हातात पाकीट देते, आणि त्या पाकिटातले पैसे कुठले, हे विचारण्याचा हक्क माझ्याकडे उरलेला नाही. इथे मी मुझुंगू, म्हणजे गोरी परदेशी, नाही, केनियनही नाही, दुकानदार मला नुसतं "इंडियन" म्हणतो, आणि तरी इथे प्रश्न विचारायचा अधिकार मला सहज मिळतो. गावात माझं आडनाव सगळ्यांना माहीत असून मिळत नाही. ग्रुपवर मी इतकी तडतडते त्यामागे हेही असेल.

पण म्हणूनच हे काम माझं नाही, आतेभावाचंही नाही. राज्याकडे अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, प्रत्येक जिल्ह्यात त्याचं कार्यालय आहे, दरवर्षी आर्थिक पाहणी तेच काढतं. त्यांनी चिठ्ठ्या टाकून गावं निवडावीत. प्रश्न विचारायला त्या गावच्या अंगणवाडी ताईला पाठवू नये, कारण अर्ज तिनेच भरून घेतले आहेत आणि तिच्यासमोर कोणी खरं बोलणार नाही. शेजारच्या तालुक्यातली मुलगी पाठवावी. पैसे कोणी काढले, कशाला गेले, घरात कोणाशी भांडण झालं का, नाव कापलं गेलं तर का कापलं हे कळलं का, एवढं विचारावं. नाव सांगायची सक्ती नको. आणि अहवाल आधी त्याच गावच्या ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावा, मग नागपूरच्या अधिवेशनात पटलावर ठेवावा.