इंग्रज सरदारांचे ‘निःस्वार्थ दान’ आणि त्यामागचा व्यवहार

‘इंग्लंडमधील हजारो सरदारांनी आपले वाडे आणि जमिनी देशाला दान केल्या आणि ते अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले, आज सरकार या वास्तू सांभाळते, तेथे कोणालाही फुकट प्रवेश आहे, आपल्याकडच्या जमीनदारांनी मात्र वीतभर जागाही सोडली नाही,’ अशा आशयाचा एक संदेश सध्या सर्वत्र फिरतो आहे. माझे काका तो ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेत वाचून दाखवणार आहेत. आधी तपासून घ्या, असे सुचवल्यावर ‘चांगलीच गोष्ट आहे, त्यात तपासायचे काय?’ असे उत्तर मिळाले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

यातला सर्वांत खोटा भाग ‘अंगावरच्या कपड्यांनिशी’ हा आहे, आणि बाकीचा सगळा गहिवर त्याच्यावरच उभा आहे. या जमिनी आणि वाडे ज्या संस्थेकडे गेले ती नॅशनल ट्रस्ट 1895 साली स्थापन झाली. मोठ्या वाड्यांचा ओघ तिच्याकडे सुरू झाला तो मात्र 1937 च्या कायद्यानंतर, आणि त्या कायद्याची पार्श्वभूमी कराची आहे. ब्रिटनमध्ये 1894 पासून मृत व्यक्तीच्या मालमत्तेवर नवा कर, म्हणजे मृत्युकर, लागू झाला. त्याचा सर्वोच्च दर 1919 साली 40 टक्के होता आणि 1949 पर्यंत तो 80 टक्क्यांवर पोहोचला. लॉर्ड लोथियन यांना 1930 साली वारसाहक्काने मालमत्ता मिळाली तेव्हा हा कर जबर भरावा लागला, आणि 1934 साली ट्रस्टच्या सभेत त्यांनीच या वाड्यांच्या प्रश्नाला तोंड फोडले. (हेच लोथियन 1932 साली भारतातील मताधिकार समितीचे अध्यक्ष होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या समितीचे एक सदस्य होते.) ट्रस्टच्या सभेतील त्या चर्चेतून जी योजना आकाराला आली ती अशी: मालकाने वाडा ट्रस्टला द्यावा, त्याच्या देखभालीपुरते उत्पन्न देणारी जमीन किंवा रक्कमही सोबत द्यावी, या सगळ्यावरचा मृत्युकर टळावा आणि त्या बदल्यात कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या तेथेच भाडेकरू म्हणून राहावे, फक्त वर्षातील ठरावीक दिवशी लोकांना आत येऊ द्यावे. याला कोणी शहाणपणाचा व्यवहार म्हणावे, माझी हरकत नाही. पण घर देऊन त्याच घरात राहणाऱ्याला सर्वस्वत्यागी म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे. काहींच्या बाबतीत तर दानही नव्हते. कॉर्नवॉलमधील कोटहील हा वाडा कराच्या रकमेऐवजी सरकारी खजिन्याने स्वीकारला आणि 1947 साली ट्रस्टच्या हवाली केला.

‘हजारो’ हा आकडाही हवेतला आहे. ट्रस्टकडे आलेली मोठी घरे शेकड्यांत मोजावी लागतात. हजाराच्या वर संख्या भरते ती विसाव्या शतकात पाडून टाकलेल्या वाड्यांची. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने 1974 साली त्यावर एक प्रदर्शनच भरवले होते.

सरकार सांभाळते हे चूक आहे. ट्रस्ट ही स्वतंत्र धर्मादाय संस्था असून 50 लाखांहून अधिक वर्गणीदार सदस्य हा तिचा मोठा आधार आहे. प्रवेश फुकट असल्याचे म्हणाल, तर वाडे आणि बागा पाहायला बिगरसदस्यांना तिकीट काढावे लागते. मात्र ट्रस्टच्या ताब्यातील डोंगर, कुरणे आणि समुद्रकिनारे बहुतेक ठिकाणी कोणालाही पायी फिरण्यास खुले आहेत, एवढे अर्धसत्य संदेशाच्या पदरात टाकायला हवे.

मनापासून दिलेली दाने नव्हतीच, असेही मी म्हणणार नाही. मजूर पक्षाचे माजी शिक्षणमंत्री सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी नॉर्थम्बरलंडमधील वॉलिंग्टन ही 13,000 एकरांची मालमत्ता 1941 साली ट्रस्टला दिली, ती खाजगी जमीनदारीवर त्यांचा विश्वास नव्हता म्हणून; अर्थात 1958 साली मृत्यू येईपर्यंत ते राहिले तेथेच. माझ्या मते याहून मोलाचे दान बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांचे आहे, आणि त्या सरदार घराण्यातल्या नव्हत्या. मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतून मिळालेल्या पैशांतून इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ प्रदेशात घेतलेली 4,000 एकरांहून अधिक जमीन आणि 14 शेते त्यांनी 1943 साली मृत्युपत्राने ट्रस्टला दिली.

इंग्रज सरदारांच्या औदार्याने भारावून जाणाऱ्यांनी वेल्समधील पोविस किल्ल्याचाही विचार करावा. तो 1952 साली ट्रस्टकडे आला आणि रॉबर्ट क्लाइव्ह व त्याच्या मुलाने भारतातून नेलेल्या वस्तूंचा संग्रह आजही तेथे मांडलेला आहे, त्यात टिपू सुलतानाचा तंबूही आहे. ट्रस्टने स्वतःच 2020 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात आपल्या 93 स्थळांचा वसाहतवादाशी किंवा गुलामगिरीशी संबंध नोंदवला आहे.

उरला आपल्याकडच्या लोकांवरचा आरोप. विनोबांच्या भूदान यात्रेत, 1951 पासून, लाखो एकर जमीन दान झाली. तिचा हेतू निसर्गसंवर्धनाचा नव्हता आणि त्यातली बरीच जमीन निकस निघाली, हे खरे आहे; तरी ‘वीतभरही नाही’ हे धादांत असत्य ठरते. आपल्याकडेही 1953 साली मृत्युकर आला होता, पण तो 1985 साली रद्द झाला, म्हणजे ज्या दडपणाखाली तिकडे वाडे सुटले ते दडपणच येथे उरले नाही. शिवाय ट्रस्टला 1907 च्या कायद्याने आपली जमीन ‘कधीही न विकता येणारी’ म्हणून जाहीर करण्याचा अधिकार मिळाला, त्यामुळे देणाऱ्याला ती पुढे कोणा बिल्डरच्या घशात जाणार नाही याची खात्री वाटते. या कलमाचा संदेशात उल्लेखही नाही. ज्यांना आपली वडिलोपार्जित राई किंवा डोंगर खरोखर राखायचा आहे, त्यांनी वन्यजीव संरक्षण कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने आलेले 36-क (इंग्रजीत 36C) हे कलम वाचावे. खाजगी मालकाने स्वेच्छेने वन्यजीवांसाठी राखलेली जमीन राज्य सरकार त्याखाली सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते, आणि त्यानंतर व्यवस्थापन समितीचा ठराव व राज्य सरकारची मंजुरी असल्याशिवाय तिचा वापर बदलता येत नाही.