गिरगावातील घराच्या अर्थिंगविषयी आपल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार. आधीच्या वायरमनने फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बल्ब लावून अर्थिंग ठीक असल्याचे दाखवले असतानाही आम्ही ते नव्याने करायला लावले, नळाच्या पाइपला हिरवी तार जोडण्याचे वेगळे पैसे घेतले आणि आम्ही बसवलेला आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) इस्त्री लावताच पडू लागला तरी आमचा माणूस दोन दिवस आला नाही, असे आपण लिहिले आहे.

शेवटची तक्रार आधी घेतो, कारण तिथे चूक आमचीच आहे. गिझरच्या सॉकेटमध्ये कोणीतरी अर्थची पिन आखूड तारेने न्यूट्रलला जोडून ठेवली होती. ती तार आम्ही काढली. तशीच तार फ्रिजच्या सॉकेटमध्येही होती, ती मात्र आमच्या नजरेतून सुटली. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही, हे आरसीसीबी पाहतो आणि ३० मिलिअँपिअरची तफावत दिसताच पुरवठा तोडतो. इस्त्रीचा परतीचा काही प्रवाह फ्रिजच्या त्या जोडावरून अर्थच्या तारेत जात होता, म्हणून आरसीसीबी पडत होता. तो स्वतः निर्दोष होता. प्रत्येक सॉकेट उघडून आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यामध्ये मेगर (तारांमधले इन्सुलेशन तपासणारे मीटर) लावून पाहिल्याखेरीज आम्ही पुरवठा सुरू करायला नको होता. दुसऱ्या खेपेचे ७०० रुपये आम्ही आजच परत करत आहोत, आणि दोन दिवसांच्या खोळंब्याबद्दल क्षमा मागतो.

बल्ब पेटला तोही याच जोडामुळे. त्याचा प्रवाह न्यूट्रलमधून परत जात होता. जमिनीशी त्याचा काही संबंध नव्हता. असा जोड असताना न्यूट्रल मागे कुठे तुटला, तर फ्रिजच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येऊ शकतात. (बल्ब पेटला म्हणजे अर्थिंग आहे, हा समज आमच्या धंद्यातल्या जुन्या मंडळींतही आढळतो.)

आपल्या घराचे मूळ अर्थिंग नळाच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपला क्लॅम्प लावून केलेले होते, आणि पाइप जमिनीपर्यंत लोखंडी होता तोवर ते बरे चालले. सोसायटीने बाहेरचा उभा पाइप बदलून प्लास्टिकचा केला, आतला मात्र जुनाच राहिला. तेव्हापासून ती तार जमिनीत न जाता केवळ आपल्या नळांपर्यंत जात होती. गिझरचे एलिमेंट फुटले असते, तर झटका न्हाणीघरातल्या प्रत्येक तोटीला बसला असता. हिरव्या तारेने तो पाइप आणि गिझर आता एकाच अर्थ पट्टीला जोडले आहेत, म्हणजे दोन्हींना एकाच वेळी हात लागला तरी त्यांच्यात धोकादायक व्होल्टेज राहणार नाही. हे काम अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवले नव्हते, हा आपला आक्षेप मान्य आहे; ते गाळणे मात्र आम्हाला योग्य वाटले नसते.

आवारातील नव्या अर्थ पिटचा (अर्थची तार जमिनीत उतरवण्याच्या खड्ड्याचा) रोध ३.२ ओहम भरला. त्यातून दोषाच्या वेळी सुमारे ७० अँपिअर वाहतील, तर १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी (जादा प्रवाह वाहताच पुरवठा तोडणारा स्विच) तत्क्षणी पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात, म्हणजे केवळ त्याच्यावर विसंबता येत नाही. म्हणून आरसीसीबी काढून टाकण्याची आपली सूचना आम्हाला स्वीकारता येत नाही. आरसीसीबीवरचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो की नाही, हे कृपया पाहावे.

आपल्या मजल्यावरील इतर घरांच्या अर्थच्या ताराही त्याच जुन्या पाइपला बांधलेल्या दिसल्या. तसे आम्ही सोसायटीच्या सचिवांना लेखी कळवले आहे.