पन्नास-साठ वर्षांचं काँक्रीट वारसा नाही?

पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या काँक्रीटच्या इमारती वारसा म्हणून जपण्याबद्दलच्या एका लेखात 'मॉल आणि दारूचा गुत्ता यांत वारसा कसला' असा सवाल होता; तो मला पटला नाही. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ शहरातलं ट्रायकॉर्न सेंटर आठवा. १९६६ साली उघडलेल्या त्या एकाच काँक्रीटच्या पसाऱ्यात दुकानं, पब, नाइटक्लब, घरं आणि वर पार्किंग होतं. घाऊक भाजीबाजारसुद्धा वरच्या मजल्यावर, ट्रक थेट रॅम्पने चढून जायचे! रॉडनी गॉर्डन आणि ओवेन ल्यूडर या वास्तुरचनाकारांचं हे काम. पुढच्याच वर्षी त्याला सिव्हिक ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेचं चांगल्या वास्तूंसाठीचं पारितोषिकही मिळालं. मग डागडुजीकडे कुणी पाहिलं नाही. पाणी झिरपून छताला चुन्याच्या कांड्या लोंबू लागल्या, आणि 'कुरूप' म्हणत २००४ मध्ये सगळं पाडलं. जागेवर कित्येक वर्षं काय होतं? नुसतं सपाट पार्किंग.

तो गोल फिरत वर जाणारा रॅम्प फोटोत पाहिला तरी हळहळ वाटते. देखभाल न करणं हा इमारतीचा दोष कसा? आपल्या मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको वास्तुशैलीतल्या इमारतीही एकेकाळी नव्याकोऱ्याच होत्या. २०१८ मध्ये त्या जागतिक वारसा यादीत गेल्या. इंग्लंडमधल्याच प्रेस्टनचं काँक्रीटचं बसस्थानक २०१३ मध्ये संरक्षित झालं, म्हणून वाचलं. ट्रायकॉर्नला तेवढी सवड मिळायला हवी होती.